बसायचं जॅकेट: हिमबिबट्या बघायला निघण्याआधी मुंबईत कोणतं घ्यावं, कोणतं टाळावं

थंडीचं जॅकेट घेताना मुंबईकर हमखास विचारतो, "मायनस कितीपर्यंत चालेल?" दुकानदार एक आकडा सांगतो आणि व्यवहार होतो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हे घालून चालायचंय की बसायचंय? स्पितीत किब्बरला किंवा लडाखात रुंबक, उले या गावांकडे हिमबिबट्या बघायला जाणारा माणूस सकाळी तासभर चढतो आणि मग तीन-चार तास एकाच दगडाआड दुर्बिणीला डोळा लावून बसतो. चढताना जे जॅकेट नकोसं होतं, तेच बसल्यावर पुरत नाही. इथे परीक्षण आहे ते या बसायच्या जॅकेटचं. मुंबईत काय मिळतं, त्यातलं काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवून यावं, ते सांगतो.

परदेशात थंडीतल्या शिकारीची जॅकेटं हा स्वतंत्र प्रकार आहे आणि आपल्या कामाचा विचार त्यातच सापडतो. तिथला शिकारी अंधारात जंगलातून चालत मचाणापर्यंत जातो तेव्हा जाड जॅकेट त्याच्या पाठीवर बांधलेलं असतं. मचाणावर बसल्यावर, हुडहुडी भरायच्या आधीच, तो ते चढवतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. इथे बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि स्पॉटिंग स्कोप (स्टँडवर लावायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आहे, पण शरीराची अडचण तीच: आधी घाम, मग स्तब्धता. जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी मोजणीत भारतात 718 हिमबिबटे असल्याचा अंदाज आला, त्यातले 477 एकट्या लडाखात. हिवाळ्यात भरल (हिमालयातली रानमेंढरं) खाली उतरतात, त्यांच्यामागे बिबटेही उतरतात आणि जानेवारी ते मार्च हा त्यांच्या मिलनाचा काळ. म्हणजे ते दिसायची शक्यता सर्वांत जास्त तेव्हाच, जेव्हा रात्रीचा पारा उणे 20 च्या खाली जातो.

शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. पाठीवर सामान घेऊन चढताना हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. जॅकेट स्वतः उष्णता तयार करत नाही, असलेली अडवून धरतं. त्यामुळे लेबलवरचा 'उणे 10' हा आकडा कोणत्या हालचालीसाठी आहे आणि आत किती कपडे गृहीत धरलेत, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ 23537 हे मानक आहे, म्हणून दोन कंपन्यांच्या बॅगांची तुलना होऊ शकते. बाजारात आपण घेतो त्या जॅकेटांना असं सगळ्यांना बांधणारं मानक नाही, प्रत्येक कंपनीची चाचणी आपापली. आमचा ठोकताळा कडक आहे: उणे 10 लिहिलेलं जॅकेट बसून राहायचं असेल तर शून्याच्या आसपासचं समजावं. यात एखाद्या वेळी जॅकेट जरा जास्तच उबदार निघेल. त्याने काही बिघडत नाही, चेन उघडता येते.

त्यात वारा. उणे 10 तापमानात ताशी 20 किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे 18 सारखं लागतं. आणि हे फक्त हिमालयापुरतं नाही. डिसेंबरच्या पहाटे ताडोबा किंवा पेंचच्या उघड्या जिप्सीत 5 अंश असताना गाडी ताशी 30 ने निघाली, की अंगाला शून्य लागतं. सफारीत पहिल्या अर्ध्या तासात दात वाजतात आणि गाडी थांबली की बरं वाटतं, ते यामुळेच. म्हणून बाहेरचं कापड वारा अडवणारं हवं, ही अट भरणाइतकीच महत्त्वाची.

भरण: डाऊन की सिंथेटिक

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची, पिसांखालची लव. तिच्यात दांडी नसते, गोळा फुलतो आणि हवा अडकवून ठेवतो. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडाचा, आत आयडर बदकाची लव भरलेला कोट घातला होता. अमेरिकेत एडी बाउअर याने 1940 मध्ये शिवून कप्पे पाडलेल्या डाऊन जॅकेटचं पेटंट घेतलं, आणि तो मुळात मासेमारी-शिकारीचं सामान विकणारा माणूस. म्हणजे पफर जॅकेट आज मॉलमध्ये फॅशन म्हणून लटकत असलं, तरी त्याचा जन्म थंडीत ताटकळणाऱ्यांसाठीच झालेला आहे.

लेबलवर 'फिल पॉवर' असा आकडा असतो: 550, 650, 800. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम डाऊन किती घन इंच फुलतं, त्याचं हे माप. विक्रेते हा आकडा मोठ्याने सांगतात आणि दुसरा आकडा सांगतच नाहीत. तो म्हणजे जॅकेटमध्ये डाऊन भरलंय किती ग्रॅम. हिशोब करून बघा. 800 फिल पॉवरचं 100 ग्रॅम डाऊन सुमारे 2,820 घन इंच फुलेल. 550 चं 150 ग्रॅम सुमारे 2,910. म्हणजे 'हलक्या प्रतीचं' जॅकेट इथे किंचित जास्तच हवा धरतं, फक्त 50 ग्रॅम वजन जास्त आणि गुंडाळल्यावर थोडी जास्त जागा. पाठीवर दहा दिवस ओझं वाहणाऱ्या गिर्यारोहकाला 800 चे पैसे मोजणं परवडतं. होमस्टेला राहून रोज सकाळी एका टेकाडावर बसणाऱ्याने ग्रॅम विचारावेत, फिल पॉवर नंतर. विक्रेत्याला भरणाचं वजन माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. तिथेही नसेल तर जॅकेट हातात घेऊन त्याचा फुगीरपणा हीच खूण.

डाऊनचा एकच शत्रू, ओलावा. लव भिजली की गोळे होतात, हवा निघून जाते आणि ऊब संपते. सिंथेटिक भरण म्हणजे पॉलिस्टरच्या बारीक तंतूंची गादी. भिजली तरी ती बरीच ऊब राखते, लवकर वाळते, धुवायला सोपी असते आणि स्वस्तही. प्रायमालॉफ्ट, थिन्सुलेट ही त्यातली प्रसिद्ध नावं. तिचं माप ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये देतात. 60 ते 80 ग्रॅमचं जॅकेट चालण्यासाठी, 100 ते 133 चं सफारीसाठी, आणि बर्फात बसायचं असेल तर 170 च्या खाली बघूच नये. तेवढ्याच उबेसाठी सिंथेटिक डाऊनपेक्षा बरंच जड आणि अवजड पडतं. शिवाय दाबून ठेवल्याने तंतू मोडत जातात, त्यामुळे काही हंगामांनी पहिल्यासारखी ऊब राहत नाही.

निवड प्रदेशावर ठेवावी. स्पिती आणि लडाख पर्जन्यछायेत आहेत, तिथला हिवाळा कोरडा, बर्फ पावडरसारखा, झटकला की पडतो. तिथे डाऊनच. सिक्कीम, अरुणाचल, उत्तराखंडची खालची जंगलं किंवा भरतपूरचं धुकं, जिथे हवा ओली किंवा बर्फ वितळता, तिथे सिंथेटिक. ताडोबा-पेंचसाठी डाऊन घेणं म्हणजे पैसे जास्त आणि धुळीने कापड खराब. तिथे सिंथेटिकवर वाऱ्याचं पातळ जॅकेट भरपूर होतं.

मुंबईत काय मिळतं

डेकॅथलॉनची एमटी मालिका ही बहुतेकांची पहिली पायरी, आणि ती बरोबर पायरी आहे. डाऊनमध्ये एमटी100, एमटी500 आणि एमटी900 असे टप्पे आहेत, त्यांवर कंपनीने अनुक्रमे उणे 5, उणे 10 आणि उणे 18 अशी सोयीची तापमानं दिली आहेत. एमटी100 हे उत्तम जॅकेट आहे, पण बसायचं नाही. ते आतला थर म्हणून किंवा संध्याकाळी होमस्टेच्या अंगणात घालायला. दिवसा उन्हात बसणार असाल, पहाट टाळणार असाल, तर एमटी500 चालून जातं, अट एकच की आत चांगलं फ्लीस (मऊ पॉलिस्टरचं स्वेटरसारखं जाकीट) हवं. सूर्य उगवायच्या आधी जागेवर पोचून बसणाऱ्याने सरळ एमटी900 च्या वर्गातलं घ्यावं. इथे पैसे वाचवले की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस गादीतून उठत नाही, आणि एवढ्या लांब येऊन उपयोग होत नाही. वरच्या टप्प्याचे सगळे साइज मुंबईच्या दुकानांत नेहमी नसतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच चौकशी करून मागवून ठेवावं, म्हणजे बदलायलाही वेळ राहतो.

डेकॅथलॉनचाच सोलोन्याक हा ब्रँड मूळ शिकारीच्या कपड्यांचा. भारतात ते कपडे पक्षीनिरीक्षक आणि छायाचित्रकार घेतात. त्यांची खरी जमेची बाजू म्हणजे रंग आणि आवाज. हिरवे-तपकिरी मातकट रंग, आणि कापड घासलं तरी खरखर कमी. हाईडमध्ये, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशात, बसून दहा-पंधरा फुटांवरचा पक्षी टिपायचा असेल तर हा गुण सोन्यासारखा. ऊब मात्र मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून नावावर जाऊ नका. भरण चिमटीत धरून बघा.

युनिक्लोचं अल्ट्रा लाइट डाऊन कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीतल्या दुकानात घालून बघता येतं. शिवण नेटकी, वजन नगण्य, पिशवीत घालून मुठीएवढं होतं. हे आतल्या थराचं जॅकेट आहे आणि त्या कामात फार चोख आहे. मोठ्या जॅकेटच्या आत ते घातलं की कितीतरी फरक पडतो. त्यालाच मुख्य जॅकेट समजून लडाखला नेणारे लोक मात्र पहिल्याच सकाळी चहाच्या चुलीपाशी सापडतात.

कोलंबियासारख्या ब्रँडची जॅकेटं मॉलमध्ये मिळतात. शिवण आणि चेन दर्जेदार असतात. पण आपल्या मॉलमध्ये लटकलेला बराचसा माल शहरी थंडीचा किंवा स्कीइंगचा असतो. स्कीचं जॅकेट सतत हालचाल करणाऱ्यासाठी बनवलेलं, त्यात पाणी अडवणारा थर जाड आणि भरण बेताचं. बसणाऱ्याला नेमकं उलटं हवं. काही जॅकेटांच्या अस्तरावर चमकते चंदेरी ठिपके असतात, उष्णता परत फेकणारे. त्यांचा थोडा हातभार असेल, पण भरण पातळ असेल तर फक्त ठिपक्यांच्या भरवशावर राहू नये.

फॅशन स्ट्रीटवर आणि हिवाळ्यात लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवर फुगीर पफर लटकत असतात. हजार-दीड हजारात खरं डाऊन मिळत नाही, तेव्हा कोणी 'ओरिजिनल डाऊन' म्हणालं तर हसून पुढे जावं. ती जॅकेटं पॉलिस्टर भरणाची असतात, महाबळेश्वरला किंवा नाशिकच्या रात्रीच्या प्रवासाला छान, हिमालयात बसायला नाहीत. त्याच स्टॉलवर लोकरी टोप्या, मोजे आणि हातमोजे मात्र जरूर घ्यावेत. घासाघीस करून दोन-दोन जोड घेतले तरी खिशाला झळ नाही.

भाड्याचा पर्याय लेह, मनालीकडे आहे आणि आयुष्यात एकदाच जाणाऱ्याला तो शहाणपणाचा. फक्त हे पाहा: जॅकेट जमिनीवर पसरून झटकलं, पाच मिनिटं तसंच ठेवलं, की ते फुलतं का? खांद्यांवर भरण उरलंय का? बॅगेचे पट्टे घासून तिथलंच आधी चपटं होतं. बाहीच्या टोकाला तेलकट, काळी कडक पट्टी असेल तर ते जॅकेट धुतलेलं नाही, आणि मळलेलं डाऊन फुलत नाही. पर्यटनाच्या मोसमात चांगला माल आधी जातो, त्यामुळे पोचल्या दिवशीच निवडून घ्यावं. उंचीवर पहिला दिवस विश्रांतीचा असतोच, बाजारात सावकाश एक चक्कर होते.

दुकानात उभं राहून कसं तपासायचं

मुंबईत ऊब तपासता येत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं आजवरचं किमान तापमान 7.4 अंश, तेही जानेवारी 1962 मधलं. एसी दुकानात कोणतंही जॅकेट दोन मिनिटांत भट्टी वाटतं, आणि त्यावरून निवड केली की हमखास पातळ जॅकेट घरी येतं. म्हणून ऊब नव्हे, बांधणी तपासायची.

जॅकेट ट्यूबलाइटसमोर धरा. शिवणीच्या रेषा उजेडात चमकल्या, म्हणजे शिवण आरपार आहे: बाहेरचं कापड आणि अस्तर तिथे एकत्र शिवलंय आणि त्या रेषेत भरण शून्य. वारा तिथूनच आत येतो. हलक्या जॅकेटांत हे चालतं, कारण वर दुसरा थर येतो. सर्वांत बाहेर घालायच्या जड जॅकेटात कप्प्यांना आतून पट्टीची भिंत असलेली बरी, म्हणजे शिवणीपाशीही भरण राहतं. तसाच उजेडात प्रत्येक कप्पा बघा. काळपट ढग सारखा पसरलेला हवा. एका कोपऱ्यात गोळा आणि बाकी मोकळं असेल तर दुसरा नग मागा. मग एक कप्पा चिमटीत धरून हलकेच चोळा. बोटांना काड्या टोचल्या तर पिसांचं प्रमाण जास्त आहे. लेबलवर 90/10 म्हणजे 90 टक्के लव आणि 10 टक्के पिसं, 70/30 असेल तर जॅकेट जड आणि टोचरं.

कापड किती पातळ हे डेनियरमध्ये सांगतात. 10 डेनियर म्हणजे कांद्याच्या सालीसारखं, हलकं पण दगडावर बसून घासलं की गेलंच. बसण्यासाठी 20 ते 30 डेनियर बरं. चेन मजबूत हवी. वायकेके या नावाजलेल्या चेन-कंपनीचं नाव सरकवणीवर कोरलेलं असतं. चेनमागे भरणाची एक उभी नळी हवी, नाहीतर छातीच्या मधोमध थंडीची रेघ ओढली जाते. चेन वर-खाली दोन्हीकडून उघडणारी असेल तर बसल्यावर खालून चार इंच उघडता येते, पोटावर जॅकेट वर चढत नाही. हातमोजे घालून चेन ओढून बघा. मोजे नसतील तर दुकानातलेच मागून घ्या, लाजू नका.

हूड हवंच. कॉलरपर्यंतचं जॅकेट बसण्यासाठी विचारातही घेऊ नये. हूड लोकरी टोपीवर बसलं पाहिजे आणि मान वळवल्यावर सोबत वळलं पाहिजे. हूड जागेवर आणि डोळे अस्तरात, असं झालं तर दुर्बिणीचं काम होत नाही.

साइज ही सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. रोजच्या मापापेक्षा एक साइज मोठं घ्या, आणि दुकानात जाताना आत घालायचं फ्लीस बरोबर न्या. उकडेल, चालेल. सगळं घालून दोन्ही हात डोळ्यांसमोर दुर्बीण धरल्यासारखे उचला. कमर उघडी पडली किंवा मनगट बाहेर आलं तर साइज चुकला. मग उकिडवे बसा. पाठीची कड बसण्याच्या जागेपर्यंत खाली राहिली पाहिजे. काखेत आणि पाठीवर ताण जाणवला तर भरण दबलंय, आणि दबलेल्या भरणात हवा नाही. महागड्या डाऊनवर घट्ट रेनकोट घालणारे हीच चूक करतात. वर काही घालायचंच तर ते ढगळ हवं.

खिसे मोजू नका, जागा बघा. आत, शरीराला लागून दोन खिसे हवेत. कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या गारठल्या की पुरेसा करंट देत नाहीत, 60 टक्के दाखवणारी बॅटरी अचानक बंद पडते. शरीराच्या उबेत ठेवली की परत चालते. म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, आणि आळीपाळीने बदलायच्या. मोबाइलही तिथेच. पण दुर्बीण किंवा लेन्स उबदार जॅकेटात कोंबून मग बाहेर काढू नये, काचेवर दव धरतं आणि तेच गोठतं. हात घालायचे खिसे आतून मऊ कापडाचे हवेत आणि बॅगेच्या कंबरपट्ट्याच्या वर. पट्टा बांधल्यावर ते दिसेनासे होत असतील तर सोडा.

रंगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो: सैनिकी छपाईचं कापड नको. लडाख-स्पितीत जागोजागी चौक्या आहेत, उगाच विचारपूस होते. भरलसारख्या खुरी प्राण्यांना लाल-नारिंगी नीट ओळखू येत नाही, निळा मात्र ठळक दिसतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट सक्तीचं आहे ते यामुळेच, माणसाला दिसतं आणि हरणाला नाही. आपल्यासाठी मातकट तपकिरी, राखाडी, फिका हिरवा. आवाजाचं म्हणाल तर हिमबिबट्या बहुधा अर्धा किलोमीटर लांब असतो, त्याला तुमच्या बाहीची खरखर पोचत नाही. व्हिडिओच्या मायक्रोफोनला पोचते. बाही बाहीवर घासून ऐका आणि ठरवा.

नेल्यावर वापरायचं कसं

चढताना डाऊन अंगात नको, कितीही थंडी वाजली तरी. निघताना जरा गार वाटलं पाहिजे. घाम आतून डाऊनमध्ये शिरतो, उणे 15 मध्ये तो वाळत नाही, आणि रोज थोडा थोडा साचून चौथ्या-पाचव्या दिवशी जॅकेट निम्मंच फुलतं. जागेवर पोचलात की आधी आतला ओला बनियन बदला, मग लगेच जॅकेट. थंडी वाजायला लागल्यावर घातलं तर उशीर झाला, कारण आता अडवायला उष्णताच कमी उरली आहे.

खाली बसायला बंद पेशींच्या फोमचा एक तुकडा हवाच, योगा मॅटचा जाड तुकडा कापला तरी चालतो. तुमच्या वजनाखाली जॅकेट दबतं, तिथून ऊब दगडात जाते. सर्वांत महागडं जॅकेट घातलेला माणूस खालून गारठतो तो या शंभर-दोनशे रुपयांच्या तुकड्याअभावी.

होमस्टेमध्ये लोखंडी शेगडीभोवती सगळे बसतात. स्पितीत तिला तंदूर म्हणतात, लडाखात बुखारी. तिचं दार उघडलं की ठिणगी उडते आणि पातळ नायलॉनला क्षणात भोक पडतं. शेगडीपाशी जॅकेट काढून ठेवा किंवा त्यावर शाल घ्या. भोक पडलंच तर सुई-दोरा लावू नका, सुईची भोकंही लव बाहेर सोडतात. नायलॉनची चिकट दुरुस्तीपट्टी मिळते, ती कोपरे गोल कापून लावायची, म्हणजे टोकं उचलत नाहीत. शिवणीतून एखादं पीस डोकावलं तर ओढून काढू नका, मागून अस्तर धरून आत खेचा. ओढलं की ते दुसऱ्याला बरोबर घेऊन येतं.

मुंबईत आणल्यावर

जॅकेट हिमालयात टिकतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात मरतं. मार्चमध्ये परत आलात की एप्रिल-मेमध्येच धुऊन टाका, जूनची वाट बघू नका. ड्राय क्लीनिंगला देऊ नये, रसायनांनी लवेतलं नैसर्गिक तेल जातं. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये, डाऊनसाठीचा वेगळा साबण घालून, नाजूक कपड्यांच्या फेरीवर धुवायचं आणि दोनदा खळबळायचं. कपडे मऊ करायचं द्रव्य अजिबात नको. मशीनमधून निघालेलं जॅकेट ओल्या बोळ्यासारखं दिसतं, घाबरू नका, पण त्याला दोरीवर टांगूही नका. लव खाली गोळा होते आणि आपल्या दमट हवेत आतून कुजते. ड्रायरमध्ये कमी तापमानावर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवायचं. बॉल गोळे फोडत राहतात. दोन-तीन तास सहज लागतात. घरी ड्रायर नसेल तर नाणी टाकून किंवा वेळेप्रमाणे पैसे घेणाऱ्या लाँड्रीत न्यावं, मात्र तापमान स्वतः उभं राहून ठरवावं. बोटांनी दाबून एकही गोळा लागत नाही, तेव्हाच ते वाळलं.

ठेवताना बरोबर आलेल्या छोट्या पिशवीत दाबून ठेवू नये, ती प्रवासापुरती. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल, कपाटाच्या वरच्या खणात, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह. भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटाच्या तळाशी तर मुळीच नाही, ओल तिथेच पहिली उतरते. डांबर गोळ्यांचा वास पुढच्या हिवाळ्यापर्यंत जात नाही, त्याऐवजी वाळलेला कडुनिंब कापडात बांधून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एक दिवस पंख्याखाली पसरावं.

पाणी अडवणारा आतला लेप असलेल्या जॅकेटांना आणखी एक धोका आहे. पॉलियुरेथेनचा तो लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात, आणि एकदा सुटायला लागला की दुरुस्ती नाही. मुंबईत वर्षातले अकरा महिने जॅकेट कपाटातच राहणार, म्हणून असा लेप नसलेलं साधं डाऊन घेऊन वर वेगळं पातळ वाऱ्याचं जॅकेट वापरणं इथल्या घरांना जास्त मानवतं. लेप खराब झाला तर तेवढंच बदलता येतं, आणि डाऊन नीट सांभाळलं तर दहा-बारा हिवाळे सहज जातं.